पुणे महानगरातील सार्वजनिक वाहतूक

पुणे महानगरातील सार्वजनिक वाहतूक ही पुणे व पिंपरी-चिंचवड ही दोन शहरे आणि त्यांच्या भोवतालचा प्रदेश यांना सेवा देणारी बस, रेल्वे व मेट्रो यांची एकत्रित व्यवस्था होय. पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपी) शहर बससेवा चालवते, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ (एसटी) शहराला जिल्ह्याशी व राज्याशी जोडते, भारतीय रेल्वे लोणावळा व दौंड या दोन दिशांना लोकल व डेमू गाड्या सोडते आणि महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन (महामेट्रो) २०२२ पासून मेट्रोसेवा देते. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर पिंपरी-चिंचवडची सुमारे १७ लाख होती. शिक्षण, रुग्णालये, कारखाने व माहिती तंत्रज्ञान उद्योग यांमुळे बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, जुन्नर अशा तालुक्यांतूनही शहराकडे नित्य ये-जा होते. त्यामुळे ही व्यवस्था केवळ शहरवासीयांची नसून संपूर्ण जिल्ह्याच्या जीवनाशी निगडित आहे.

आरंभीचा काळ

पुण्याला आधुनिक सार्वजनिक वाहतूक प्रथम रेल्वेच्या रूपाने लाभली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पूर्वेकडे भीमाकाठच्या डिकसळपर्यंत पोहोचला आणि १८६० मध्ये सोलापूरला जाऊन भिडला. बोरघाटातील अवघड चढाचे काम मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाले. तोपर्यंत मुंबईच्या प्रवाशाला घाटाच्या पायथ्याशी उतरून पालखीने किंवा पायी खंडाळ्याला यावे लागे व तेथून पुढे पुन्हा गाडी धरावी लागे. वाहन बदलण्याचा जो त्रास आजच्या प्रवाशाला जाणवतो, त्याचे हे पुण्यातील पहिले उदाहरण म्हणता येईल.

कल्याण ते पुणे या मार्गाचे विद्युतीकरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन ही गाडी धावू लागली. शहरांतर्गत प्रवास त्या काळी टांगा, सायकल व पायी चालणे यांवर अवलंबून होता. पेठांची वस्ती आटोपशीर असल्याने तो पुरेसाही होता. सायकलींचे शहर ही पुण्याची ओळख याच काळातील असून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बराच काळ टिकून राहिली.

शहर बससेवेचा आरंभ १९४० च्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीने केला. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका स्थापन झाल्यावर बससेवा तिच्याकडे आली व पुणे महानगरपालिका परिवहन (पीएमटी) हा उपक्रम उभा राहिला. पिंपरी, चिंचवड, भोसरी या भागांत कारखानदारी वाढल्यावर तेथील कामगारांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र परिवहन उपक्रम (पीसीएमटी) सुरू झाला.

एसटी आणि जिल्ह्याशी जोडणी

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे एसटीच्या इतिहासात त्यामुळे कायमची नोंदली गेली. याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस सुरू करण्यात आली.

पुणे शहरात स्वारगेट, शिवाजीनगर व पुणे स्टेशन ही एसटीची तीन प्रमुख स्थानके आहेत. दक्षिण महाराष्ट्र, कोकणचा काही भाग, तसेच बारामती व सोलापूरकडील गाड्यांसाठी स्वारगेट महत्त्वाचे आहे. मेट्रोच्या भुयारी स्थानकाच्या कामामुळे शिवाजीनगरचे बसस्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडी येथे हलविण्यात आले.

२०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना एसटीत मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळाला देते. म्हणजेच तिकीट स्वस्त झाले तरी प्रवासाचा खर्च कमी होत नाही. त्याचा एक भाग प्रवाशाकडून राज्याच्या तिजोरीकडे सरकतो. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने ग्रामीण भागाचे या सेवेवरील अवलंबित्व स्पष्ट केले. शहरात बस बंद पडली तर रिक्षा किंवा मेट्रो मिळू शकते, परंतु जेथे दिवसातून मोजक्याच फेऱ्या होतात, तेथे फेरी रद्द होणे म्हणजे विद्यार्थ्याचा महाविद्यालयातील दिवस बुडणे होय.

बारामती व इंदापूर तालुके

बारामती पुण्यापासून रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. स्वारगेट ते बारामती या मार्गावर विनाथांबा गाड्याही धावतात. बारामतीच्या नव्या बसस्थानकाचे उद्‌घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. इंदापूर पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर असल्याने तेथील प्रवाशांना लांब पल्ल्याच्या गाड्यांचाही लाभ होतो.

रेल्वेच्या दृष्टीने दौंड हे या भागाचे प्रवेशद्वार आहे. दौंड–बारामती ही शाखा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अरुंदमापी (नॅरोगेज) मार्ग म्हणून बांधली गेली आणि पुढे तिचे रुंदीकरण झाले. बारामती ते लोणंद हा जोडमार्ग अनेक दशके चर्चेत आहे. त्यांपैकी लोणंद–फलटण हा टप्पा पूर्ण होऊन मार्च २०२१ मध्ये पुणे–फलटण डेमू गाडी सुरू झाली. सुमारे ३७ किलोमीटरचा फलटण–बारामती टप्पा भूसंपादनामुळे मागे राहिला. हा टप्पा पूर्ण झाल्यावर दौंड व मिरज या दोन मार्गांना जोडणारा पर्यायी लोहमार्ग उपलब्ध होईल.

बारामती–फलटण रस्त्यावरील सांगवीसारख्या गावातून पुण्यात शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवास पाहिला, तर या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात येते. गावातून बारामतीपर्यंत एसटी किंवा खासगी वाहन, बारामतीहून स्वारगेटपर्यंत दुसरी एसटी, स्वारगेटहून जिल्हा न्यायालय किंवा शिवाजीनगरपर्यंत मेट्रो आणि तेथून महाविद्यालयापर्यंत पीएमपी किंवा रिक्षा असे या प्रवासाचे चार टप्पे पडतात. चारही टप्प्यांची तिकिटे वेगळी, वेळापत्रके वेगळी आणि चालक संस्थाही वेगळ्या असतात. यांपैकी मेट्रोचा टप्पा सर्वांत जलद व सर्वांत नवा असला, तरी संपूर्ण प्रवासाचा वेळ सर्वांत मंद टप्प्यावर आणि मधल्या प्रतीक्षेवर ठरतो. (पिंपरी-चिंचवडमध्येही सांगवी नावाचा भाग आहे. खाली बीआरटीच्या संदर्भात आलेला उल्लेख त्या भागाचा आहे.)

उपनगरी रेल्वे

पुणे–लोणावळा उपनगरी सेवा १९७८ मध्ये सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरच्या या मार्गाने खडकी, पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव या औद्योगिक व लष्करी वस्त्यांना आधार दिला. तथापि उपनगरी गाड्यांसाठी स्वतंत्र रूळ नसल्याने मुंबईकडील लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या यांच्यातून वाट काढत लोकल चालवावी लागते. फेऱ्या वाढविण्यावर त्यामुळे मर्यादा येते. पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले असून २०१७ मध्ये तेथे डेमू सेवा सुरू झाली. या मार्गावर नोकरदार, विद्यार्थी व दूधविक्रेते यांची मोठी वर्दळ असते.

पीएमपी

पीएमटी व पीसीएमटी या दोन उपक्रमांचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. तिच्यातील पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांचा हिस्सा अनुक्रमे ६० व ४० टक्के आहे आणि संचलनातील तूटही त्या साधारणतः याच प्रमाणात भरून देतात. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) स्थापना मार्च २०१५ मध्ये झाल्यानंतर शहरांच्या हद्दीबाहेरील गावांतही पीएमपीचे मार्ग विस्तारले.

महामंडळाच्या ताफ्यात स्वतःच्या मालकीच्या आणि ठेकेदारांकडून भाडेतत्त्वावर घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बस असतात. भाडेतत्त्वावर बस व चालक ठेकेदाराचे असतात, तर महामंडळ वाहक देते आणि ठेकेदाराला प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेली रक्कम मोजते. डिझेलऐवजी सीएनजी व विजेवर चालणाऱ्या बसकडे महामंडळ क्रमाने वळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये विजेवरील पहिल्या बस ताफ्यात आल्या. महिलांसाठीची ‘तेजस्विनी’ सेवा ८ मार्च २०१८ रोजी सुरू झाली.

१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यात ‘बस डे’ हा उपक्रम झाला. एका दिवसासाठी खासगी व संस्थांच्या बस मोठ्या संख्येने रस्त्यावर आणून नागरिकांना स्वतःचे वाहन घरी ठेवण्याचे आवाहन करण्यात आले. पुरेशा बस उपलब्ध असल्या तर लोक त्यांचा वापर करतात काय, याची ती एक जाहीर चाचणीच होती.

शहरी वाहतुकीच्या नियोजनात दर लाख लोकसंख्येमागे ४० ते ६० बस असाव्यात, असा ढोबळ निकष वापरला जातो. २०११ ची सुमारे ४८ लाखांची एकत्रित लोकसंख्या धरली तरी त्यानुसार १,९०० ते २,९०० बस प्रत्यक्ष रस्त्यावर असायला हव्यात. लोकसंख्या त्यानंतर बरीच वाढली असताना पीएमपीचा ताफा मात्र दोन हजारांच्या आसपास रेंगाळला आणि त्यातील काही बस दुरुस्तीसाठी आगारातच असतात. थांब्यावर बराच वेळ बस न येणे आणि आली तर तिच्यात पाय ठेवायला जागा नसणे, या नेहमीच्या तक्रारींचे मूळ या साध्या गणितात आहे. किमान तिकीट दीर्घकाळ ५ रुपये होते. १ जून २०२५ पासून ते १० रुपये करण्यात आले.

जलद बसमार्ग (बीआरटी)

रस्त्यावरील एक मार्गिका केवळ बससाठी राखून ठेवणे, हे बीआरटीचे मूळ तत्त्व होय. बसला कोंडीतून मुक्त केल्यास तीच बस दिवसात अधिक फेऱ्या करते. नवी बस न घेताही क्षमता वाढते. बसच्या तळाच्या उंचीचे फलाट, मोजकी स्थानके व सुरक्षित पादचारी ओलांडणी ही या पद्धतीची अन्य अंगे आहेत.

भारतातील आरंभीचा बीआरटी प्रयोग पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये झाला. त्याला जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी मिळाला. या अभियानात पुण्यासारख्या शहरांसाठी केंद्र, राज्य व महापालिका यांचा हिस्सा अनुक्रमे ५०, २० व ३० टक्के होता. प्रत्यक्षात मार्गिका सलग राहिली नाही, खासगी वाहने तीत शिरत आणि रस्त्याच्या मध्यावरील थांब्यापर्यंत पोहोचणे पादचाऱ्यांना धोक्याचे वाटे. या उणिवा ध्यानात घेऊन ‘रेनबो बीआरटी’ ही सुधारित सेवा २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी व सांगवी–किवळे या मार्गांवर सुरू झाली. २०१६ मध्ये नगर रस्त्यावरही ती आली. पुढे मात्र नगर रस्त्यावरील मार्गिका वाहतूक कोंडीचे कारण देऊन टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली.

या निर्णयाबाबत दोन मते आहेत. मार्गिका रिकामी दिसते आणि शेजारी वाहने खोळंबतात, हा विरोधकांचा आक्षेप होता. समर्थकांच्या मते रिकामी दिसणे हेच मार्गिकेच्या वेगाचे लक्षण होय. एका बसमधील प्रवासी जेवढ्या मोटारींत मावतील, तेवढ्या मोटारींची रांग डोळ्यांत भरते, पण बस मात्र क्षणात निघून जाते. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने (२००६) रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्यावी, असे तत्त्व सांगितले होते. त्या तत्त्वाची अंमलबजावणी किती कठीण आहे, हे पुण्याच्या अनुभवातून दिसते.

पुणे मेट्रो

पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि २४ डिसेंबर २०१६ रोजी भूमिपूजन झाले. त्यात पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट (मार्गिका १) आणि वनाज ते रामवाडी (मार्गिका २) या दोन मार्गांचा समावेश असून एकूण लांबी सुमारे ३३ किलोमीटर आहे. मंजुरीच्या वेळचा अंदाजित खर्च ११,४२० कोटी रुपये होता.

मेट्रो पुढील टप्प्यांत सुरू झाली :

* ६ मार्च २०२२ : पिंपरी-चिंचवड महापालिका–फुगेवाडी आणि वनाज–गरवारे महाविद्यालय
* १ ऑगस्ट २०२३ : फुगेवाडी–जिल्हा न्यायालय आणि गरवारे महाविद्यालय–रुबी हॉल
* ६ मार्च २०२४ : रुबी हॉल–रामवाडी
* २९ सप्टेंबर २०२४ : जिल्हा न्यायालय–स्वारगेट

जिल्हा न्यायालय येथे दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात. एक मार्गिका उन्नत, तर दुसरी भुयारी आहे. येथील भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर असून ते देशातील सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक गणले जाते. तेथून स्वारगेटकडे जाणारे बोगदे मुठा नदीच्या व जुन्या पेठांच्या खालून जातात. अरुंद गल्ल्या व जुने वाडे असलेल्या या भागात उन्नत मार्ग बांधणे शक्य नव्हते.

पहिल्या टप्प्यानंतर पुढील विस्तारांना मंजुरी मिळाली : पिंपरी–निगडी (२०२३; सुमारे ४.४ किमी, ९१० कोटी रुपये), स्वारगेट–कात्रज (ऑगस्ट २०२४, ५.४६ किमी, २,९५४ कोटी रुपये), वनाज–चांदणी चौक व रामवाडी–वाघोली (जून २०२५, १२.७५ किमी, ३,६२६ कोटी रुपये), तसेच खराडी–खडकवासला व नळस्टॉप–माणिकबाग (नोव्हेंबर २०२५, सुमारे ३१.६ किमी, ९,८५७ कोटी रुपये). स्वारगेट–कात्रज मार्ग पूर्णतः भुयारी असल्याने त्याचा प्रतिकिलोमीटर खर्च ५०० कोटी रुपयांहून अधिक येतो, तर बहुतांशी उन्नत असलेल्या निगडी मार्गाचा सुमारे २०० कोटी रुपये येतो.

हिंजवडी (माण) ते शिवाजीनगर ही २३.३ किलोमीटरची, २३ स्थानकांची मार्गिका ३ पीएमआरडीए खासगी भागीदारीतून उभारत आहे. टाटा व सीमेन्स यांच्या समूहाला ३५ वर्षांसाठी सवलत करार देण्यात आला. भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. या मार्गिकेसाठी व नव्या दुमजली पुलासाठी विद्यापीठ चौकातील तुलनेने अलीकडचा उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला. रस्ते व मेट्रो यांचे नियोजन वेगवेगळ्या वेळी झाले तर एकाच जागेसाठी दोनदा खर्च करावा लागतो, याचे उदाहरण म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो.

गुंतवणुकीचे स्वरूप

सार्वजनिक वाहतुकीचा खर्च भांडवली व संचलन असा दोन प्रकारचा असतो. मार्ग, स्थानके, आगारे व गाड्या यांवर एकदा होणारा खर्च भांडवली, तर वेतन, इंधन, वीज व देखभाल यांवर दररोज होणारा खर्च संचलनाचा होय. मेट्रोत पहिला खर्च प्रचंड असतो. बससेवेत दुसरा प्रमुख ठरतो.

मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी केंद्र व राज्य शासनाचे भागभांडवल, महापालिकांचा वाटा आणि सुमारे निम्म्या रकमेचे कर्ज अशी रचना होती. युरोपीय गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था यांनी हे दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. याशिवाय १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो उपकर आकारला जाऊ लागला. मेट्रोमुळे जमिनीची किंमत वाढते, तर त्या वाढीतून मेट्रोचा काही खर्च निघावा, हा त्यामागील विचार आहे. स्थानकांच्या परिसरात वाढीव चटई क्षेत्र देण्याचे धोरणही याच विचारावर आधारलेले आहे. मार्गिका ३ मध्ये खासगी भागीदाराला प्रकल्प परवडावा म्हणून शासन व्यवहार्यता तूट निधी देते.

बससेवेला असे एकरकमी मोठे भांडवल क्वचितच मिळते. तिची वार्षिक तूट महापालिका भरून देतात व अंदाजपत्रकात ती ‘तोटा’ या नावाने दिसते. वस्तुतः पाणीपुरवठा किंवा प्राथमिक शाळा यांप्रमाणे ही एक नागरी सेवा असून तिचा लाभ बसमध्ये न बसणाऱ्यालाही, मोकळ्या रस्त्याच्या रूपाने, मिळत असतो. या मांडणीला दुसरी बाजूही आहे. तुटीची भरपाई नक्की मिळणार असेल तर मार्गांचे पुनर्नियोजन व काटकसर यांकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. म्हणून तूट किती आहे याबरोबरच त्या रकमेतून किती फेऱ्या व किती प्रवासी साधले, हेही पाहावे लागते.

२०२५ मध्ये पीएमपीची दैनंदिन प्रवासी संख्या दहा लाखांच्या आसपास, तर मेट्रोची सर्वसाधारणपणे दीड ते दोन लाखांच्या दरम्यान होती. मेट्रोचे जाळे अपुरे असताना ही तुलना अंतिम मानता येत नाही. तरीही महानगराच्या सार्वजनिक प्रवासाचा मोठा भार अद्याप बसवरच आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

प्रमुख प्रश्न

खासगी वाहने : २०१८ मध्ये पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या अंदाजित लोकसंख्येपेक्षा अधिक झाल्याचे वृत्त आले. त्यांत दुचाकींचे प्रमाण सर्वाधिक आहे. बस अनियमित म्हणून दुचाकी घेतली जाते, दुचाकींमुळे रस्ता भरतो आणि भरलेल्या रस्त्यामुळे बस आणखी अनियमित होते, असे हे चक्र आहे.

अखेरचा टप्पा : मेट्रो स्थानक ते घर किंवा कार्यालय हे अंतर कापण्यासाठी पूरक बस, रिक्षाथांबे व चालण्याजोगे पदपथ आवश्यक असतात. हा टप्पा गैरसोयीचा असेल तर मेट्रोचा वाचलेला वेळ तेथेच खर्ची पडतो.

समन्वय : दोन महापालिका, पीएमआरडीए, पीएमपी, महामेट्रो, एसटी व रेल्वे यांचे निर्णय स्वतंत्रपणे होतात. त्यांत मेळ घालण्यासाठी एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरणाची संकल्पना पुढे आली. एकच तिकीट व परस्परपूरक वेळापत्रक ही तिची प्रवाशाला दिसणारी फलश्रुती ठरेल.

ग्रामीण प्रवासी : महानगराच्या वाहतूक आराखड्यांची आखणी बहुधा प्राधिकरणाच्या हद्दीपर्यंतच होते. बारामती, इंदापूर यांसारख्या तालुक्यांतून येणारा प्रवासी त्या हद्दीबाहेरचा असला, तरी स्वारगेटला उतरल्यावर तो शहराच्याच व्यवस्थेचा भाग बनतो. त्याची शेवटची परतीची एसटी किती वाजता आहे, यावर त्याने शहरात कोणते शिक्षण वा काम स्वीकारावे, हे पुष्कळदा ठरते. वसतिगृहाचा किंवा भाड्याच्या खोलीचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबातील मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, बाबतीत सायंकाळच्या एका फेरीला त्यामुळे मोठे महत्त्व येते.